धुळ्याकडे वळवलेलं विमान

फैजपूरच्या डिंपल भंगाळेला एअर ट्रॅफिक कंट्रोलर व्हायचं होतं. धुळ्याच्या मामेभावाने, भूषणने, सरावासाठी तिला कॉम्प्युटरवरचा एक खेळ दिला होता. काळ्या पडद्यावर हिरवे ठिपके सरकत. प्रत्येक ठिपका म्हणजे आभाळातून आपल्या वाटेने चाललेलं एक विमान. जवळ आलेल्या दोघांची उंची एक होऊ द्यायची नाही आणि आपली हद्द संपली की विमान पुढच्या कंट्रोलरच्या हवाली करायचं, एवढंच काम. विमानं खोटी, पायलटही खोटे. कॉम्प्युटरच सपाट आवाजात इंग्रजी बोलायचा.

वैशाखातली दुपार होती. घरचे जामनेरला लग्नाला गेले होते. बाहेर केळीची पानं उन्हाने मान टाकून लोंबत होती, पाखरूसुद्धा बोलत नव्हतं. डिंपलने हेडफोन लावला आणि सरावाला बसली.

थोड्या वेळाने पडद्याच्या मधोमध एक ठिपका उमटला. विमानं नेहमी कडेने आत येत. हे एकदम फैजपूरवरच. नाव नाही, नंबर नाही.

"अक्का," कानात कुणी म्हातारा अहिराणीत बोलला, "खाले उतरूत का? बठ्ठा थकी गयात..."

बोली धुळ्याकडची; सगळे थकलेत, म्हणत होता. मागे इंजिनाची घरघर नव्हती. नुसते खूप जणांचे श्वास.

हा भूषणचाच चावटपणा, असं मनाला समजावत ती खेळ बंद करायला गेली. तो बंद होईना. तिने इंटरनेटची तार उपटली. ठिपका तिथेच, आणि त्याच्याशेजारचा उंचीचा आकडा भराभर खाली येत होता. मग डोक्यावरचे पत्रे थरथरू लागले. आधी बारीक, मग मांडणीतली भांडी वाजेपर्यंत.

शिकलेलं तेवढंच तिच्या तोंडातून निघालं.

"उंची... सोडू नका."

आकडा थांबला. पत्रेही थांबले.

"मंग कोठे जाऊत, अक्का..."

तिने त्यांना पश्चिमेला वळवलं. हद्द येताच, हाताला सवय होती तसं, बटण दाबून पुढच्याच्या हवाली केलं. ठिपका विझला. तिने हेडफोन काढून ठेवला.

तेवढ्यात भूषणचा फोन आला.

"डिंपल, तू माझ्याकडे काही पाठवलंस का?"

दोघांचे कॉम्प्युटर एकमेकांना कधीच जोडलेले नव्हते.

"दादा, त्याला हो म्हणू नकोस."

"म्हातारा होता गं बिचारा," भूषण हळू आवाजात म्हणाला. "मी म्हटलं, या..."

फोनमधून जिना उतरणाऱ्या पावलांचा आवाज येत होता. बऱ्याच पावलांचा. मग फोन बंद पडला तो पडलाच.

दुसऱ्या दिवशी आईला, कुंदाबाईंना, घेऊन ती धुळ्याला पोचली. भूषण धडधाकट होता, हसून बोलला. मामी मात्र रडकुंडीला आल्या होत्या. कालपासून तो पुढच्या खोलीत कुणाला पाऊल टाकू देत नव्हता. पाहुणे दमून बसलेत म्हणायचा. घरातल्या साऱ्या लोखंडी खुर्च्या त्याने तिथे नेऊन मांडल्या होत्या.

त्याची नजर चुकवून डिंपल आत गेली. खोली रिकामी होती. तिने एका खुर्चीच्या पाठीवर हात ठेवला आणि चटकन मागे घेतला. धुळ्याच्या त्या उन्हाळ्यात लोखंड बर्फासारखं गार होतं. दुसरी चाचपली, तीही.

ती दाराकडे वळली, तेव्हा कडेची खुर्ची, कुणी सरकून बसायला जागा करून द्यावी तशी, फरशीवर घासत हळूच बाजूला झाली.