आधी ओरडेल त्याची बोट

मनोऱ्याच्या जिन्यात दोन माणसं एकमेकांना ओलांडून जाऊ शकत नाहीत. बांधणाऱ्यांनीच तो तसा बांधून ठेवलाय — दगडी, गोल आणि अरुंद. त्यामुळे ती रिकामा डबा घेऊन खाली उतरत असताना तो हत्यारांची पेटी घेऊन वर आला, तेव्हा व्हायचं तेच झालं. डबा पेटीवर आपटला, झाकण निसटलं, आणि ते गडगडत तळापर्यंत गेल्याचा आवाज दोघांनी उभ्याउभ्या ऐकला.

"मागे व्हा," ती म्हणाली.

"मी? ही पेटी बघितली का केवढी आहे?"

"या बेटावर उतरणाऱ्याचा मान पहिला. चढणाऱ्याने मागे जायचं."

"हा कुठला कायदा?"

"इथला. असे बरेच आहेत. राहाल तसे कळत जातील."

बिचारा उलट्या पावलांनी आख्खा जिना उतरला. खाली झाकण सापडलं, ते त्याने शर्टाला पुसलं आणि अदबीने तिच्या हातात दिलं.

"तुमच्या कपाळाला ग्रीस लागलंय," ती म्हणाली.

"अजून कामाला हातही लावला नाही मी!"

"मग जन्मखूण असेल," असं म्हणून ती चालू लागली. वळणावर मात्र तिने मागे बघितलंच. तो अजून कपाळ पुसत होता, आणि पुसून पुसून ग्रीस नाकापर्यंत आणलं होतं.

तो घड्याळजी. किनाऱ्यावरच्या मोठ्या शहरातल्या घड्याळांच्या दुकानातून नगरपालिकेने त्याला बोलावून घेतलं होतं. मनोऱ्यावरच्या घड्याळाला चार तबकड्या, आणि चारही तबकड्या वेगवेगळी वेळ दाखवायच्या. गावाचं त्यावाचून काही अडत नव्हतं. ज्याच्या घरातून जी तबकडी दिसते, ती त्याची वेळ. पूर्वेच्या गल्लीतली माणसं फेरीबोटीसाठी नेहमी लवकर येऊन ताटकळायची आणि पश्चिमेची धावत येऊन धापा टाकायची. घड्याळ दुरुस्त होणार हे कळल्यावर निम्मं गाव नाराजच झालं.

आणि ती म्हणजे दुर्बीण. सगळं गाव तिला याच नावाने हाक मारायचं. घड्याळाच्या वर मनोऱ्याची गच्ची होती. तिथे डोळ्याला दुर्बीण लावून समुद्रावर नजर ठेवायची, हे तिचं काम. आधी ते तिचे बाबा करायचे, ते गेल्यावर तिच्याकडे आलं. राहायची ती मावशीकडे. मावशी वरच्या दोन खोल्या पाहुण्यांना द्यायची, आणि घड्याळजी त्यातल्याच एका खोलीत उतरला होता.

मावशीकडे पाहुणा आला की बॅग खाली ठेवायच्या आत गावाचा इतिहास सुरू. घड्याळजीही सुटला नाही.

"अहो, आमचे पणजोबा-खापरपणजोबा फुटलेल्या जहाजांवर जगले," मावशी त्याच्या ताटात वाढता वाढता सांगत होती. "बाहेर पाण्याखाली खडक आहेत ना, त्यावर जहाजं आपटायची. मग काय! माणसं वाचवायची, माल आणायचा. ती न्हाव्याची खुर्ची? कप्तानाची. माझी ही गोल खिडकी? जहाजाची. एकदा तर पियानोंनी भरलेलं जहाज फुटलं. म्हणून इथे घरोघरी पियानो. वाजवता मात्र एकालाही येत नाही. आमच्या पियानोवर लोणच्याच्या बरण्या आहेत बघा."

घड्याळजी भात कालवत मान डोलवत होता. डोळे पेंगुळलेले, दिवसभराचा बोटीचा प्रवास झालेला. याच्या एका कानातून आत नि दुसऱ्यातून बाहेर जातंय सगळं, असं ठरवून दुर्बीण हसत उठली. हीच तिची चूक झाली.

पुढचे काही आठवडे तो खाली चाकांमध्ये आणि ती वर गच्चीवर. मधे लाकडी झडप, ती उघडी. खालून ठाकठूक यायची, वरून टोमणे जायचे.

"आज तरी चालणार का हो ते?"

"चाललं तर मी जाणार. घाई आहे का तुम्हाला?"

"मला कशाला घाई... तुम्हालाच चहा घ्यायचाय का विचारत होते."

"तसं विचारलं नाही तुम्ही."

"आता विचारलं ना!"

एकदा अचानक पावसाची सर आली. दुर्बीण धावत झडपेतून खाली आली तेव्हा त्याने आपला कोरडा पंचा पुढे केला. केस पुसताना पंच्याला तेलाचा वास येत होता. तो तिला आवडला. घड्याळाच्या तेलाचा वास आवडणं ही काही धड गोष्ट नव्हे, हे तिलाही कळत होतं, पण आवडला खरा.

आणि मग एक दिवस चारही तबकड्या एकच वेळ दाखवू लागल्या. शनिवारच्या फेरीबोटीचं त्याचं तिकीटही आलं. दुर्बिणीने जेवणाचं ताट तसंच सरकवून ठेवलं.

शुक्रवारी सकाळी तिला बोट दिसली. लहानशी, कुणीच नसलेली, खडकांकडे वाहत आलेली. तिने दोनदा नीट बघितलं. आत माणूस नाही, फक्त एक शेळी. कुणाच्या जिवावर बेतलेलं नव्हतं. शेळी तर मजेत गवत चघळत होती.

आता बेटाचा सगळ्यात जुना कायदा सांगायला हवा. मनोऱ्यावरून जो आधी 'बोट!' म्हणून ओरडेल, ती बोट त्याची. पण नुसती त्याची नाही, तर त्याच्या गळ्यात. मालक येईपर्यंत त्याने ती सांभाळायची आणि तोवर बेट सोडायचं नाही. दुर्बिणीने ओरडायला तोंड उघडलं... आणि मिटलं. वाट बघत बसली.

थोड्या वेळाने तो वर आला, कठड्याला टेकला, डोळ्यांवर हात धरला, आणि एवढ्या मोठ्याने ओरडला, "बोट!" की धक्क्यावरच्या लोकांनी माना वर केल्या. गाव गोळा झालं, टाळ्या पडल्या, बोट ओढून धक्क्याला आणली, आणि शेळीचा दोर घड्याळजीच्या हातात आला.

शेळी भलतीच खट होती. तिने मावशीचे पडदे खाल्ले, त्याच्या विजारीचा पाय खाल्ला. तो तिच्यामागे गल्लीगल्लीतून धावायचा आणि दुर्बीण हसून हसून बेजार व्हायची. संध्याकाळी दोघं मिळून बोटीला डांबर लावायची. सगळं छान चाललं होतं, आणि तेवढ्यात त्याच्या शेठचा निरोप आला — तुझ्या जागी दुसरा माणूस घेतलाय.

"गेली नोकरी," तो साधेपणाने म्हणाला आणि पुन्हा डांबर लावू लागला.

त्या दिवसापासून दुर्बिणीचं हसू मावळलं. आपल्या एका गप्प बसण्यापायी याची भाकरी गेली. सांगावं तर हा तोंड बघणार नाही आपलं. न सांगावं तर आपणच आपलं तोंड कसं बघायचं? सांगायचं ती रोज ठरवायची आणि रोज शेळीवर बोलून मोकळी व्हायची.

शेवटी मालक उगवला. शेजारच्या बेटावरचा म्हातारा कोळी. शेळीला बघून तो रडायचाच बाकी राहिला. म्हातारा आणि शेळी बोटीत बसून गेले. घड्याळजी मोकळा झाला. फेरीबोट संध्याकाळी होती.

तो हत्यारं न्यायला मनोऱ्यावर आला तेव्हा बारीक पाऊस लागला होता. दुर्बीण झडपेच्या शिडीवर बसली होती, वाट अडवून.

"एक सांगायचंय. रागवायचं असेल तर खुशाल रागवा, पण पूर्ण ऐकून घ्या." तिने एका दमात सांगून टाकलं. "ती बोट मी आधी बघितली होती. तुमच्या कितीतरी आधी. मुद्दाम ओरडले नाही. तुम्ही ओरडाल, अडकाल, राहाल... म्हणून. तुमची नोकरी माझ्यामुळे गेली."

तो पेटीत पाने-पकडी भरत राहिला.

"काहीतरी बोला ना!"

"काय बोलू? मला माहीत होतं."

"काय?"

"मी खालच्या खिडकीतून बोट बघितली. म्हटलं, आता वरून हाक येईल. हक्क तुझा होता. पण हाक येईना. झडपेखालून वर बघितलं, तर तुझी दुर्बीण सरळ त्या बोटीवर रोखलेली, आणि तोंडाला कुलूप." तो हसला. "का ते कळलं, तेव्हा शिडीच्या दोन-दोन पायऱ्या ओलांडत वर आलो."

"पण कायदा? तुम्हाला कायदा कुठे माहीत होता?"

"तुझ्या मावशीच्या घरी जेवून कायदा माहीत नसेल असा माणूस आहे का? पहिल्याच ताटाला सांगितला त्यांनी. मी पेंगत होतो, बहिरा नव्हतो."

तिला हसावं की रडावं कळेना. तिने हातातलं फडकं फेकून मारलं. "मेल्या! इतके दिवस मी झुरतेय इथे!"

"मग मीही वाट बघतच होतो, तू कधी सांगतेस याची." त्याने पेटी बंद केली. आवाज जरा खाली आला. "आता बोट गेली. शेळी गेली. नोकरीही गेली. मालक म्हणावा असा मला कुणी उरला नाही. अशा मालाचं काय करतात तुमच्या कायद्यात?"

खाली धक्क्यावर फेरीबोटीचा भोंगा वाजला. दुर्बीण उठली, शिडी चढून गच्चीवर गेली, भर पावसात कठड्याला टेकली आणि सगळा जोर लावून ओरडली, "माझा! हा माझा! मी आधी बघितला!"

धक्क्यावर क्षणभर सगळं थांबलं. मग गोल खिडकीतून मावशीचं डोकं बाहेर आलं.

"कळलं गं! शेळीलासुद्धा कळलं होतं! आता भिजू नका, खाली या दोघं!"

दोघं निघाली. जिन्याच्या तोंडाशी तो थांबला. "आधी कोण? दोघंही उतरणारेच आहोत."

याला कायदा नव्हता. मग तिने त्याचा हात धरला, आणि ती पुढे, तो मागे, असे ते अंधाऱ्या जिन्यातून सावकाश खाली आले. फेरीबोट तोवर निघून गेली होती.