मापाऱ्याचं कलम सात

वर्धा नदीकाठच्या त्या बंद खाणीत आता कोळशाचा खडाही सापडला नसता. तिथे माणसं ठेवली होती. म्हणजे माणसं वर आपापल्या घरी, शेतात, बाजारात हिंडत होती. खाली होते त्यांचे देहपट.

देहपट म्हणजे काय, हे २०८० साली शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं. मूल बारा दिवसांचं झालं की त्याच्या गळ्याच्या हाडाखाली तिळाएवढा यांत्रिक कान बसवायचे. तो कान श्वास, ठोके, रक्तातली साखर, पेशीपेशीतली कुरबूर सगळं जन्मभर ऐकायचा आणि खाणीत पाठवायचा. तिथे ते काचेच्या तबकडीवर कोरलं जायचं. एक तबकडी तीन महिने पुरायची. कोणी भोवळ येऊन पडलं, तर रुग्णवाहिकेतलं यंत्र त्याचा अख्खा पट अर्ध्या सेकंदात वाचायचं आणि नेमकं औषध टोचायचं. इतक्या झपाट्याने वाचायचं, तर एका माणसाच्या सगळ्या तबकड्या एकाच फळीवर ओळीने हव्यात. म्हणून पुढची रिकामी जागा आधीच राखून ठेवावी लागे.

किती राखायची? सगळी मेख इथे होती. जुन्या धोरणात प्रत्येकाला सरसकट शंभर वर्षांची जागा होती. दिसायला उदार, पण शंभरी गाठतो कोण? माणसं सत्तरीत जायची आणि तीस वर्षांच्या कोऱ्या तबकड्या धूळ खात पडायच्या. तिकडे जंगलपट्ट्यातली एकतीस हजार बाळं देहपटावाचून ताटकळत होती, कारण त्यांच्यासाठी काचच शिल्लक नव्हती. नवी भट्टी पेटायला आणखी दोन वर्षं होती.

हा गुंता शर्वाणी बोरगमवारने सोडवला. देहपट महामंडळाची ती साठवण-धोरण अधिकारी. वय पंचेचाळीस, बोलणं रोखठोक, आणि आपल्या कामाचा अभिमान असा, की तो लपवायचा असतो हेच तिला मान्य नव्हतं. का लपवायचा? नव्या धोरणाचं सातवं कलम तिने स्वतःच्या हाताने लिहिलं होतं : ‘ज्याला जेवढी लागेल तेवढीच जागा, एक तबकडी जास्त नाही, एक कमी नाही.’ हिशेब करणाऱ्या यंत्राचं नाव तिने ठेवलं मापारी. खळ्यावर धान्य मोजणाऱ्या माणसाला म्हणायचे तसं. मापाऱ्याचा अंदाज अचूक यावा, म्हणून त्याला देहपट वाचायची परवानगीही तिनेच दिली. तिच्या धंद्यातली माणसं आत काय लिहिलंय ते कधी बघत नसत. जागा किती लागते, एवढंच त्यांचं काम. हा त्यांच्या सचोटीचा भाग होता आणि शर्वाणीने तो आयुष्यभर पाळला होता.

चौदा महिन्यांत एकतीस हजार बाळांना फळ्या मिळाल्या. दिल्लीहून मानपत्र आलं. सत्काराच्या भाषणात ती ताठ मानेने म्हणाली, “सगळ्यांना एकच माप लावलंय. आणि जागा कमी पडली, अशी एकाही जिवंत माणसाची तक्रार आजवर आलेली नाही.” टाळ्यांनी सभागृह दुमदुमलं.

त्याच आठवड्यात मारोती आवारीचा वाढदिवस होता. आवारी खाणीची लिफ्ट चालवायचा. बाप, आजा दोघेही याच खाणीत कोळसा काढलेले. खाणीतल्या लोकांची एक रीत होती : वाढदिवशी आपल्या फळीपाशी जायचं आणि एक फूल ठेवून यायचं. आवारी झेंडूचं फूल ठेवून आला तो तोंड फुगवूनच. लिफ्टमध्ये शर्वाणी एकटीच होती.

“ताई, राग नका धरू, पन एक विचारतो.”

“विचारा की, आवारीभाऊ.”

“माह्या फळीवर दोन कोऱ्या तबकड्या उरल्या. फकस्त दोन! त्याच्या पुढं एका लेकराचं नाव लागलं. अन् तुमच्या फळीवर एकशेसाठ. म्या मोजून आलो.” त्याने लिफ्टचा दांडा जरा जोरातच ओढला. “तुमी मोठ्या सायब, तुमाले जास्त भेटन, हे समजते मले. पन मंग सगळ्याईले एकच माप वालं भाषन काहून देल्लं?”

वशिल्याचा आरोप! शर्वाणीच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बाकी काहीही ऐकून घेतलं असतं तिने.

“आवारीभाऊ, माझ्या धोरणात मंत्र्यालासुद्धा वशिला चालत नाही. मापारी पद बघत नाही, जात बघत नाही, काही बघत नाही. पुढे किती जागा लागणार, एवढंच बघतो.”

“मंग मले कमी काहून लागन? माहं रक्त काय अर्धंच वाहते?”

“तसं नाही हो. सगळ्यांना सारखीच लागते. तीन महिन्यांना एक तबकडी. तुम्हाला दोन म्हणजे…”

लिफ्ट वर पोचली, दार उघडलं, उन्हाचा पट्टा आत आला.

आवारीनेच बोटं मोजली. “सहा म्हैने,” तो म्हणाला. “माही रिटायरमेंटच वर्सभरानं हाय, ताई.”

शर्वाणीला भडभडून आलं. पण रडणं हे तिचं काम नव्हे, हेही तिला कळत होतं. तिने त्याला धरून दवाखान्यात नेलं. डॉक्टरीणबाईंनी दोन तास तपासलं आणि म्हणाल्या, “हृदयाची एक झडप थोडी सैल आहे. एखादा झटका कधीही येऊ शकतो. पण रुग्णवाहिका वेळेवर आली, तर हे गृहस्थ अजून वीस-पंचवीस वर्षं सहज काढतील.”

मग मापारी सहाच महिने का म्हणतो? आपल्या यंत्राने चूक करावी, हे शर्वाणीला पटेना. ज्यांच्या फळ्या भरल्या, अशा माणसांची यादी तिने काढली. दोनशे बारा नावं. दोनशे बाराही गेलेली, आणि बहुतेक जण शेवटची तबकडी भरल्यावर महिना-दीड महिन्यात. क्षणभर तिचा ऊर भरूनही आला : काय अचूक यंत्र! मग तिने आयुष्यात पहिल्यांदा आत काय लिहिलंय ते वाचायला घेतलं.

फळी भरली की कोरायला जागा नाही. जागा नाही, तर कान गप्प. कान गप्प, तर रुग्णवाहिकेच्या यंत्राला ताजा पट मिळत नाही, आणि ताज्या पटावाचून त्याची सुई बाहेरच येत नाही. साध्या झटक्याने, वेळेवर एक सुई टोचली असती तर उठून बसली असती, अशी माणसं रुग्णवाहिकेत पडल्या पडल्या गेली होती. मापारी पहिल्या झटक्यापर्यंतचंच माप धरत होता; त्याचा अंदाज अचूक नव्हता. तो खोटा ठरवायला माणूस मागे उरत नव्हता, एवढंच. तक्रार करणार कोण?

तिने काहीही न लपवता महामंडळाच्या समितीला लिहिलं, दोनशे बारा नावांसकट. समितीनेही हात वर केले. जुनी मापं परत आणायची, तर बाळांच्या फळ्या काढून घ्याव्या लागतील. आणि ते नवव्या कलमात बसत नव्हतं. नववं कलमही शर्वाणीचंच. बड्या धेंडांनी गरिबाची जागा लाटू नये म्हणून तिने ते वज्रासारखं पक्कं केलं होतं : ‘दिलेली जागा कोणीही परत घेऊ शकणार नाही. ज्याची जागा, तो राजीखुशीने दुसऱ्याला देईल तेवढीच हलेल.’ भट्टी पेटेपर्यंत थांबा, असं समितीने कळवलं.

शर्वाणी थांबणाऱ्यातली नव्हती. तिने आपल्या एकशेसाठ तबकड्यांतल्या ऐंशी आवारीच्या नावाने लिहून दिल्या.

“काय करता ताई हे! म्या नाई घेत,” आवारी कळवळून म्हणाला. “कोनाच्या ताटातलं ओढून खायची सवय नाई आपल्याले.”

“धोरण माझं आहे, आवारीभाऊ. त्यात खोट निघाली, तर ती माझ्या फळीवरूनच भरायची. तुम्ही मध्ये पडू नका.”

आवारीचा जुना पट उचलून तिच्या फळीच्या शेवटाला आणून लावला. मापाऱ्याची नोंद पडद्यावर उमटली : ‘आवारी, अपेक्षित गरज साडेवीस वर्षे. बोरगमवार, अपेक्षित गरज वीस वर्षे. अंदाज दुरुस्त.’ आपण त्याला काच दिली की वर्षं दिली, हे शर्वाणीला नीट सांगता आलं नसतं. मापाऱ्याच्या लेखी दोन्ही एकच होतं.

सातव्या महिन्यात आवारी लिफ्टच्या दारातच कोसळला. जुन्या दोन तबकड्या नुकत्याच भरल्या होत्या. रुग्णवाहिका आली, यंत्राने पट वाचला, सुई बाहेर आली. चार दिवसांनी तो खाटेवर बसून पेज नको, भाकर आणा म्हणून नर्सशी भांडत होता. त्याला तसं भांडताना बघून शर्वाणीला जे वाटलं, ते त्या दिल्लीच्या मानपत्राने कधीच वाटलं नव्हतं. आपण एक माणूस मापाऱ्याच्या मापातून ओढून काढला! ती गावभर ताठ मानेने फिरली आणि विचारील त्याला सगळं सांगत सुटली.

त्याचा परिणाम पुढच्या सोमवारी कळला. खाणीच्या फाटकाशी दोनेकशे माणसं उभी होती. कोणी म्हातारे, कोणी तरणे, प्रत्येकाच्या हातात नवव्या कलमाचा, आपली जागा दुसऱ्याला देण्याचा अर्ज. रांगेत सगळ्यात पुढे अहेरीकडची एक बाई होती, सगुणा मडावी, वय चौतीस. तिच्याबरोबर तिचा सात वर्षांचा मुलगा. मापाऱ्याने त्याला पुढच्या तीनच तबकड्या दिल्या होत्या.

“यांना समजावून सांगायला हवं,” शर्वाणी मनाशी म्हणाली आणि पुढे झाली. “सगुणाबाई, थांबा. असं नाही करायचं. थोडी कळ काढा, नवी काच येतेय.”

“अर्ज तर मंजूर झाला, मॅडम.”

शर्वाणीने पडदा पाहिला. खरंच झाला होता. बाई राजीखुशीने देत होती, मापाऱ्याला हरकत घ्यायचं कारण नव्हतं. शर्वाणीने तिथेच उभ्या उभ्या आपलं धोरण पहिल्या कलमापासून शेवटपर्यंत चाळलं. कुठे फट नव्हती, कुठे पळवाट नव्हती. नाही म्हणायचा अधिकार तिने कोणालाच ठेवला नव्हता, स्वतःलासुद्धा.

“किती ठेवल्या स्वतःसाठी?” तिने कसंबसं विचारलं.

“एक ठेवली की. तीन महिने कुठं थोडे झाले?” सगुणाने मुलाचे केस नीट केले आणि मागच्या रांगेला ऐकू जाईल अशा आवाजात, छाती फुगवून म्हणाली, “पोराला माझ्या आता चाळीस वर्षं भेटली, मॅडम. आमच्या अख्ख्या गावात एवढी कोणाला नाहीत.”