टेकडीवरची घोडी

निळीच्या खोपटात बाप्यामाणसाने पाऊल टाकायचं नाही, ही आमच्या सुंबा बेटावरची जुनी रीत. टाकलंच तर नीळ रुसते, सूत रंग धरत नाही. आणि तो तर अक्षरशः डोकं पुढे घालून आत आला.

मी रांजणात कोपरापर्यंत हात घालून सुताची लड पिळत होते. शेजारी आत्या चुन्याचं पाणी ढवळत होती. बाहेर पाऊस नुसता रिमझिमत होता. तेवढ्यात दाराची झापड उचकटून खरजेने भरलेलं एक कुत्रं आत घुसलं, आणि त्याच्या शेपटीमागोमाग एक तरुण. कुत्रं रांजणाच्या काठावरून घसरलं, त्याचा एक कान निळीत बुचकळला. तरुणाने त्याला झडप घालून पोटाशी धरलं, मान वर केली... आणि माझे निळे हात पाहून तिथेच थबकला.

"मला रीत माहीत आहे," तो हळूच म्हणाला. "पण... कुत्र्याला नव्हती ना."

आत्याने ढवळायचा दांडा उचलला. मी घाईने तोंड फिरवलं, कारण मला हसू आलं होतं. आमच्या घरात हसण्याची सवयच मोडली होती.

त्याचं नाव मेल्की. मूळचा शेजारच्या सावू बेटावरचा, पण लहानपणापासून वाइंगापू शहरात वाढलेला. तिथल्या शाळेत तो शिकवायचा आणि सुट्टी लागली की मार्ताबाई नावाच्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंबरोबर त्यांच्या ट्रकमधून आमच्यासारख्या आडगावांना यायचा. पगार नाही, भत्ता नाही. गावात वाली नसलेली कुत्री, पाठी सोललेली तट्टं, पायात दोरी रुतलेली डुकरं, सगळ्यांना औषधपाणी करायचं. आमच्या प्राइकांबा गावातल्या लोकांनी आधी त्यांची यथेच्छ टिंगल केली. इथे माणसाला ताप आला तर दवाखाना गाठेपर्यंत ताप आपोआप उतरतो, अन् कुत्र्यांना मात्र घरपोच सुया, असं म्हणून म्हातारे पान थुंकायचे. पण दुसऱ्या दिवशी तेच म्हातारे आपापली तट्टं घेऊन चर्चच्या अंगणातल्या चिंचेखाली रांगेत उभे.

खोपट बाटवल्याबद्दल आत्याने मेल्कीला एका कोंबडीचा दंड केला होता. तो कोंबडी घेऊन आला तेव्हा तिच्या पंखाला पट्टी बांधलेली होती. ती बरी होईपर्यंत कापू नका, अशी विनंतीही त्याने केली. आत्या त्याच्याकडे बघतच राहिली. ती कोंबडी अजून आमच्या अंगणात चरते.

निळ्या कानाचं कुत्रं माझ्याशिवाय कुणाला हात लावू देईना, म्हणून मला चिंचेखाली जावं लागलं. निदान घरी मी तसं सांगितलं. खरं तर कुत्रं एका दिवसातच माणसाळलं होतं, पण मी रोज जात राहिले. मी जनावर धरायचं, मेल्कीने औषध लावायचं. भिजलेल्या केसांचा, औषधाचा, चिंचेच्या ओल्या पानांचा वास यायचा. काम करताना तो जनावरांशी अखंड बोलायचा. डुकराला "मामा" म्हणायचा, म्हाताऱ्या कुत्रीला "बाईसाहेब". माझ्याकडे वळला की मात्र त्याचे शब्द अडखळायचे.

"रांबू हामू, हा रंग... धुतला की जात नाही का?" हामू माझं नाव, आणि रांबू हा त्याने लावलेला मान.

"नाही. आणि ओला असताना ज्याला धरू त्यालाही लागतो."

तो सुईकडे बघतच म्हणाला, "अजून ओला आहे का?"

माझी कानशिलं तापली, आणि मार्ताबाई उगाचच खोकल्या.

एका सकाळी त्याने टेकडीकडे बोट केलं. तिथे एकाकी झाडाला बांधलेली ती घोडी कुणाची, असं त्याने तीन-चार जणांना विचारलं होतं. प्रत्येकाने विषय बदलला होता. मीही बदलला असता. पण तो हातातलं काम ठेवून थांबून राहिला, आणि मग मला सांगावंच लागलं.

ती वुलांग. माझ्या भावाची, रेतांगदादाची घोडी. गावात तिच्यासारखी चाल कुणाची नव्हती. दोन पावसाळ्यांमागे नदीला लोंढा आला असताना दादा तिच्यावर बसून पलीकडे निघाला. घोडी पोहून काठाला लागली... दादा नाही लागला. बाबांनी तिला मारलं नाही, विकलं नाही. टेकडीवर नेऊन बांधलं आणि पाठ फिरवली. मी चोरून पाणी नेऊन ठेवायचे. पण जवळ जायला धीर होत नव्हता. तिच्या पाठीवर जणू अजून कुणीतरी बसलेलं दिसायचं.

मेल्कीने सल्ला दिला नाही, हळहळलाही नाही. फक्त म्हणाला, "तुम्ही बरोबर आलात तर मी जवळ जाईन."

दुसऱ्या दिवशी पहाटे आम्ही टेकडी चढलो. वाऱ्याने गवताच्या लाटा उठत होत्या. मग तिला जवळून पाहिलं. बरगड्या मोजाव्यात इतक्या वर आलेल्या, खूर वाढून वाकडे झालेले, खांद्यावरच्या जखमेत अळ्या. मानेत दावं रुतलेलं. मी रडायला लागले. मेल्कीने माझ्या हातात मिठाच्या पाण्याची बादली दिली. "आधी हे," तो म्हणाला. "रडायचं ते नंतर. मीही येईन सोबतीला."

जखम धुताना घोडी थरथरली, पण लाथ मारली नाही. तिने माझ्या खांद्यावर हनुवटी टेकली. इतकं जड डोकं, आणि इतकं अलगद ठेवलेलं...

पण हे चोरून करायचं मला पटेना. त्याच दुपारी मी बाबांपुढे जाऊन बसले. ओसरीवर ते सुपारी कातरत होते. सगळं सांगितलं. त्यांचा हात थांबला.

"तिला कुणी हात लावायचा नाही, असं मी सांगितलं होतं."

"तिने दादाला मारलं नाही बाबा. नदीने मारलं."

"ती परत आली. तो नाही."

"मीही आहे ना मागे राहिलेली. दादा गेल्यापासून तुम्ही माझ्याकडेही बघत नाही. टेकडीवर नेऊन बांधली नाही, एवढाच फरक."

असं मी बाबांशी जन्मात बोलले नव्हते. बाबांचं, उंबू वालींचं, नाव गावात निघालं की लोक आवाज खाली करतात. बाबा उठले आणि आत निघून गेले. मला वाटलं, संपलं सगळं.

संध्याकाळी आम्ही दोघं वुलांगचे खूर कापत होतो. मेल्की खाली बसला होता, मी तिचं डोकं धरलं होतं. अचानक तिने कान टवकारले आणि क्षीण आवाजात खिंकाळली. गवतातून बाबा येत होते. मेल्की उठून बाजूला झाला, मान खाली घालून. बाबा बराच वेळ घोडीसमोर उभे राहिले. तिने मान लांब करून त्यांचा सदरा हुंगला, खिसा हुंगला. दादासारखीच बाबांनाही खिशात गूळ ठेवायची सवय होती. खिसा रिकामा होता. बाबांनी डोक्याचं फडकं सोडलं आणि तिच्या डोळ्यांवरच्या माश्या, चिपडं, सगळं हलक्या हाताने पुसायला लागले. पुसता पुसता त्यांचे खांदे हलू लागले. मी जाऊन त्यांना मागून मिठी मारली. मेल्की केव्हा खाली उतरून गेला, आम्हाला कळलंही नाही.

आणि मग त्यांचा जायचा दिवस आला.

ट्रक भरला गेला. मेल्की माझ्यासमोर उभा राहिला. जखमेवर मलम कसं लावायचं, चारा किती भिजवायचा, दावं कुठे सैल ठेवायचं, सगळं त्याने सांगितलं. पुन्हा सांगितलं. मी वाट बघत होते... डुकराला मामा म्हणणारा माणूस, आणि माझ्यासाठी एक शब्द नाही. आदल्या दिवशी आत्याने त्याला चिडवलं होतं, या घरचा जावई व्हायचं तर दारात घोड्यांचा कळप आणावा लागतो म्हणून. ती थट्टा होती. त्याला ती थट्टा वाटली नव्हती.

ट्रक चिखल उडवत गेला.

वुलांग भरत गेली. बाबांनी तिला टेकडीवरून खाली आणलं, खांबांवर उभ्या आमच्या घराच्या खाली बांधलं. जेवताना ते दादाचं नाव घेऊ लागले. त्याच्या खोड्या सांगून हसूही लागले. सगळं कसं छान चाललं होतं, आणि मीच रोज चिंचेखाली जाऊन रस्त्याकडे बघत होते.

एके दिवशी मी बाबांना म्हटलं, विणलेली कापडं विकायला वाइंगापूला जाऊन येते. बाबांनी माझ्याकडे पाहिलं. हल्ली ते नीट बघायचे, हीच पंचाईत झाली होती.

"विचारायला जाते आहेस की सांगायला?" त्यांनी विचारलं.

मी पायाच्या अंगठ्याकडे बघत म्हटलं, "सांगायला."

"बरं. त्याला म्हणावं, मागणी घालायला येताना एखादा तरी काका बरोबर आण. रीत ती रीत. घोड्यांचं आपण बघू."

मार्ताबाईंच्या दवाखान्यामागच्या अंगणात मेल्की एका भल्यामोठ्या कुत्र्याला आंघोळ घालत होता. कोपरापर्यंत फेस, केसांत फेस. मला पाहताच त्याचा चेहरा उतरला.

"काय झालं? वुलांग... घोडी बरी आहे ना?"

"घोडी बरी आहे," मी म्हटलं. "मीच बरी नाही."

कुत्र्याने अंग झाडलं. आम्ही दोघंही भिजलो, पण हललं कुणीच नाही.

"माझ्याकडे घोडे नाहीत, हामू," तो अगदी हळू म्हणाला. "एकही नाही. जुनी मोटरसायकल आहे, तीही अर्ध्या वाटेत बंद पडते."

"माहीत आहे. काका आहे का एखादा?"

"आहे. पण... तो कुत्र्यांना फार घाबरतो."

"चालेल. बाबा सांभाळून घेतील."

त्याला अर्थ कळायला जरा वेळ लागला. मग तो उभा राहिला. हात कुठे ठेवावेत ते त्याला कळेना, सगळीकडे फेसच फेस.

"तू खरंच आलीस," तो म्हणाला.

"तू आला नाहीस, म्हणून."

आम्हा बेटांवरच्या लोकांत भेटल्यावर नाकाला नाक लावतात. पाहुण्याला लावतात, म्हाताऱ्याला लावतात, भर बाजारात लावतात, त्यात कुणाला काही वाटत नाही. त्यामुळे मेल्की पुढे झुकला तेव्हा मार्ताबाईंनी खिडकीतून पाहिलं आणि पुन्हा कामाला लागल्या. पण ते एका श्वासापुरतं असतं. आमचा श्वास संपला, दुसरा संपला... आणि तिसऱ्याच्या वेळी मार्ताबाईंनी खिडकी ओढून घेतली.