टाकीला लावलेला टिळा

मंगळावरच्या तळावर इंधनटाकीचा तापमापक बघता बघता एकेचाळीसवर चढला, तशी रसायनज्ञ चारुशीला हजारनीस चहा टाकून धावली. टाकीपाशी यंत्रज्ञ हिरोजी पाटणे घाम पुसत उभे.

"हिरोजीकाका, टाकीत काय पडलं?"

"काल खंडेनवमी ना, मॅडम! सगळ्या यंत्रांची पूजा केली. कुंकू संपलेलं, म्हणून इथलीच तांबडी माती कालवून टिळे लावले. आज नमुना काढायला झाकण उघडलं, तर खपली आत."

"अहो, काय केलंत हे! ही माती तांबडी आहे ती लोहामुळे. आणि टाकीतल्या हायड्रॉक्सिलअमाइनला कणभर लोह पुरतं. रेणू तुटतात, उष्णता सुटते, त्या उष्णतेनं आणखी तुटतात. तळाच्या चिंधड्या होतील."

"मग सगळं बाहेर सोडून देऊ!"

"आणि शर्वाणीचं काय?"

चारुशीलाची ही धाकटी बहीण डोक्यातली गाठ घेऊन रुग्णकक्षात पडली होती. शस्त्रक्रिया फक्त वरच्या कक्षा-रुग्णालयात व्हायची आणि परवाचं चढयान याच इंधनावर उडणार होतं. सोबतीला चारुशीलाची जागा ठरलेली; वरून पुढं दोन वर्षांतून एकदाच येणारं पृथ्वीचं यान गाठायचं होतं. चार वर्षांनी घरी जायचं म्हणून बिचारीनं सामानही बांधून ठेवलं होतं.

"अ‍ॅसिटोन आणा," ती म्हणाली. "ते हायड्रॉक्सिलअमाइनला धरून बसतं. दोघांचं ऑक्झाइम होतं, अगदी गरीब गाय. ते वाफेनं वेगळं काढलं की लोह तळाशी राहील. मग नायट्रिक आम्ल घालायचं, झालं इंधन तयार. पण एका रेणूला एक रेणू लागतोच, त्यात काटकसर नाही. किती पिंपं आहेत?"

"आठ."

लागणार होती सोळा. तापमापक बावन्नवर आला होता.

चारुशीलानं दात-ओठ खात स्वतःच झडप फिरवली आणि अर्धी टाकी नळीतून दूरच्या खड्ड्यात सोडली. तिथल्या लाल मातीत ती पडली मात्र, असा धडाका झाला की तळाच्या भिंती हादरल्या. तोवर आठही पिंपं आत रिकामी झाली होती. शीतक पूर्ण जोरात चालवला. बराच वेळ आकडा हलेना. मग एकावन्न. मग अठ्ठेचाळीस.

अर्ध्या इंधनावर एकच माणूस वर जाणार होता. तिसऱ्या दिवशी चारुशीला चढयानात शिरून आपल्या खुर्चीचे बोल्ट काढू लागली. हिरोजींना रडू आवरेना.

"माझ्यामुळं तुमची जागा गेली, मॅडम."

"रडणं नंतर, काका. आधी ते टोक उचला."

शर्वाणीला पट्ट्यांत बांधलं, तेव्हा तिनं शेजारी पाहिलं. नुसती मोकळी फरशी होती.

"ताई, तू कशी येणार गं?"

"पुढच्या यानानं."

"म्हणजे कधी?"

"दोन वर्षांनी. मला न्यायला स्वतःच्या पायांनी चालत ये, कळलं?" असं म्हणून तिनं दार बाहेरून लावून घेतलं.