लेकींकडची वंशावळ

वंशावळी काढून देणं हा माझा धंदा. लोकांना आपले पूर्वज सरदार, निदान जमीनदार तरी हवे असतात. बहुतेकांचे हमाल निघतात. मी ते तोंडावर सांगते, त्यामुळे गिऱ्हाइकं बेताचीच. माझा एक नियम आहे. ऐकीव नाव तक्त्यावर चढवायचं नाही. घरी जायचं, माणसाला समोर बसवायचं, नातं मोठ्याने जोडून दाखवायचं, त्याने मान डोलावली की मगच लिहायचं.

या खेपेचं गिऱ्हाईक घरचंच होतं. माझी मावशी आमच्याकडे, म्हणजे मी आणि माझी मुलगी अशा दोघींकडे राहते. अंथरुणाला खिळल्यापासून तिने एकच धोशा लावला होता. "माझ्या आजीच्या लेकी कुठे गेल्या ते शोध गं. जगाचे पूर्वज शोधत फिरतेस!"

ही आजी गेल्या शतकातली. तिला पाठोपाठ मुलीच झाल्या. नवऱ्याने थोरली ठेवली, ती माझी आजी, मावशीची आई. बाकीच्या तान्ह्या असतानाच मागेल त्याला देऊन टाकल्या आणि दर वेळी बायकोला सांगितलं, गेली. रिकामं गाठोडं पुरूनही दाखवलं. बाईने विश्वास ठेवला नाही. मरेपर्यंत ती दारोदार हिंडून लोकांच्या मुलींची तोंडं न्याहाळत राहिली आणि लोक तिला हाकलत राहिले.

पहिली शाखा एका शिंपिणीच्या घरी सापडली. खुर्चीवरचे बेतलेले कपडे बाजूला सारून तिने मला जागा करून दिली. तिची धाकटी खाली बसून बटणं निवडत होती. मी नातं जोडून दाखवलं, तशी शिंपीण खूश झाली. मग दाराकडे बघून म्हणाली, "त्यांनाही बोलवा ना आत. किती वेळ उभ्या आहेत."

"कोणाला?"

"तुमच्याबरोबरच्या आजींना."

जिन्यात कोणी नव्हतं. मी हसून सोडून दिलं. त्याच आठवड्यात ती धाकटी झोपेतच गेली. डॉक्टरांना कारण सापडलं नाही.

दुसरं घर एका बस ड्रायव्हरचं. त्याने आपणहून दोन खुर्च्या मांडल्या. त्याची चिमुरडी माझ्याकडे ढुंकूनही न बघता रिकाम्या खुर्चीसमोर जाऊन उभी राहिली. कोणीतरी धरल्यासारखी तिची हनुवटी वर झाली.

"किती गार हात तुमचे," ती खुर्चीला म्हणाली.

तीही आठवडाभरात गेली.

भुताखेतांवर माझा विश्वास नाही. पण डोळ्यांवर कातडं ओढून घेण्याइतकी मूर्खही मी नाही. मी काम बंद केलं. मावशीला खोटंच सांगितलं, पुढचा धागा लागत नाही. मग एका दुपारी शेजारीण म्हणाली, "पाहुण्या आल्यात का हो तुमच्याकडे? मघापासून दारापाशी उभ्या आहेत. मुलगी शाळेतून कधी येते, विचारत होत्या."

मी जिना उतरले ती थेट तिसऱ्या घराची बेल वाजवायला.

हो, समजून उमजून. तिथली मुलगी पोटावर पालथी पडून चित्र रंगवत होती. तिचे पुढचे दात पडले होते आणि माझ्याकडे बघून ती मोकळेपणाने हसली. मी नातं सावकाश, मोठ्याने जोडलं, कोणाला ऐकू आलं नाही असं व्हायला नको म्हणून. त्यापुढच्या घरातही तेच केलं. इतरांच्या शाखा उरल्या होत्या तोवर आमच्या शाखेची पाळी येणार नव्हती. मला झोपही छान लागायची. कुशीत माझी मुलगी असायची ना.

मग शाखा संपल्या.

तेव्हा मी आयुष्यात पहिल्यांदा खोटी वंशावळ जुळवली. शहराच्या दुसऱ्या टोकाला एक घड्याळं दुरुस्त करणारा राहतो. आमचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही. त्याला मुलगी आहे, एवढं मात्र मी बघून घेतलं होतं. दुकानामागच्या खोलीत बसून मी त्याला त्याची नवी पणजी सांगितली आणि तो बिचारा भक्तिभावाने मान डोलावत राहिला. कोपऱ्यात त्याची मुलगी पेन्सिलीला टोक काढत होती. तिने एकदाही वर बघितलं नाही.

"एवढ्या उन्हात एकट्याच हिंडता?" त्याने विचारलं.

"एकटी?"

"म्हणजे, सोबत कोणी दिसत नाही."

"नीट बघा."

त्याने माझ्या मागे बघितलं, दाराबाहेर बघितलं. "कोणी नाही हो."

मी घरी फोन लावला. बराच वेळ वाजत राहिला, मग मुलीने उचलला.

"मावशीआजी कुठे आहे?"

"झोपलीय. आई, एक आजी आल्यात. तुझ्या ओळखीच्या आहेत."

"बाहेर जा. शेजारच्या काकूंकडे जा, आत्ताच्या आत्ता."

"अगं, छान आहेत त्या. आई, त्या विचारतायत, मी त्यांची कोण लागते?"

मी दातांवर दात घट्ट दाबून धरले. नातं तोंडातून जाऊ द्यायचं नव्हतं.

पलीकडे कॉट करकरली. मग मावशीचा आवाज आला. कित्येक महिन्यांत ती इतक्या आनंदाने बोलली नव्हती.

"खापरपणती, बाळ. सांग आजीला, तुमची खापरपणती."