‘लाल खाता’ची कॉपी

सांगून कुणी विश्वास ठेवणार नाही, पण सुरतेजवळच्या पलसाण्यात, कापड रंगवायच्या डाइंग मिलमध्ये, मगन कामगाराचा जीव वाचला तो दोन अवतरणचिन्हांनी. तीही जागेवर नसलेली!

सुपरवायझर विकासचं डोकं कुणीतरी सळईनं फोडलं आणि त्याला उकळत्या लाल रंगाच्या कुंडात लोटलं. मगननं त्याला बाहेर ओढलं; स्वतः कोपरापर्यंत सोलपटला, पण विकास संपला होता. पण सकाळीच दोघांची जुंपली होती. कामगारांनी मगनला खांबाला बांधून रक्त ओकेपर्यंत हाणला.

त्याच्या बायकोचा, धनश्रीचा, फोन आला तशी मदतनीस निंबानं गुप्तहेर सुंदराअक्कांना मागं बसवून मोटारसायकल अशी पिटाळली, की त्याची सावली वाटेवरच्या कामरेजलाच राहिली.

"मी नही मारं, अक्का," मगन पुटपुटला.

"विकासभाऊ सगळ्यांवरच भडकले होते," धनश्री म्हणाली. "म्हणे, मिलची डिझाइनं बाहेर विकली जातात, आज चोर मालकापुढं उभा करतो."

"आधी ह्याचा मुडदा पाडू!" जमाव ओरडला.

अक्का ऑफिसात शिरल्या. दार मुद्दाम उघडं ठेवलं. कॉम्प्युटरवाला योगेंद्र एसीत बसला होता. बूट ओलेगच्च.

"मी इथंच होतो. कंटेनर चालवून ‘लाल खाता’ फोल्डरची कॉपी काढत होतो."

"कंटेनर? हायवेवरचा?" निंबानं विचारलं.

"कॉम्प्युटरातला बंद डबा रे, बावळटा! फोल्डरचा पत्ता दिला की तेवढंच त्याला दिसतं. किंकाळी ऐकेपर्यंत मी फाइली सरकताना बघत होतो."

काळ्या स्क्रीनवर योगेंद्रनं टाइप केलेला एकच हुकूम होता; खाली इंग्रजीत एक ओळ.

"निंबा, हाच हुकूम परत दे."

निंबानं दिला. पापणी लवायच्या आत खाली तीच ओळ उमटली.

"अक्का, मला नाही जमत. नकार देतंय."

"त्यालाही नकारच दिला होता. ‘लाल’ आणि ‘खाता’मध्ये मोकळी जागा आहे. पत्ता अवतरणचिन्हांत बांधला नाही, तर मशीन ‘लाल’पाशी पत्ता तोडतं आणि ‘खाता’ला डब्याचं नाव समजतं. तसला डबाच नाही. काम सुरूच होत नाही."

"चूक कुणाचीही होते!" योगेंद्र फिस्कारला.

"होते की. पण समोर बसलेला ती लगेच सुधारतो. तू हुकूम देऊन सळई उचलायला पळालास. डिझाइनचोर तूच; विकासनं तुला धरलं होतं. एसीत बूट भिजतात होय रे? त्यांवरचं रक्त धुतलंस."

"मी हललोच नाही! फाइली सरकत होत्या, आईची आण!"

निंबाच्या डोक्यात आत्ता कुठं उजेड पडला. तो असा गरजला, की खांबाजवळच्यांच्या हातातल्या सळया खाली आल्या.

"खोटं! हिथं एक फाइल हलली नाय! तू बघत काय होतास, तुझं कपाळ? सोडा रे मगनला!"