तिसऱ्या टाकीची बिअर

बिअरचा कारखाना काढायची कल्पना वन्संची आणि ती निस्तरायची जबाबदारी, अर्थातच, वहिनीची. वन्सं म्हणजे नवऱ्याची धाकटी बहीण. थट्टेत सुरू झालेलं 'वन्सं' पुढे त्यांना चिकटलं ते चिकटलंच. वन्सं पक्क्या बोलघेवड्या. कुंपणाच्या खांबालाही गिऱ्हाईक करतील अशा. वहिनी शाळेत रसायनशास्त्र शिकवायची आणि तिचा विश्वास फक्त तापमापकावर. अख्खी गल्ली तिला वहिनीच म्हणायची, तिच्या वडिलांच्या वयाची माणसंसुद्धा.

दोघींनी बंद पडलेला बर्फाचा कारखाना घेतला. हातभर जाड भिंती, तळपायाला गार लागणारी फरशी, छताला गंजक्या कड्या. तीन टाक्या बसवल्या. पहिल्या वर्षीची बिअर साबणासारखी लागायची, दुसऱ्या वर्षीची भिजलेल्या पुठ्ठ्यासारखी. वहिनीचा नवरा दातांचा डॉक्टर. तो म्हणायचा, "दात काढायला येईल त्याला हिचा एक ग्लास पाजतो. भुलीचं इंजेक्शन वाचेल." वहिनी स्वतः पीत नसे, दोन घोटांत तिचं डोकं ठणकायचं. चव वन्संनी बघायची, मोजमाप वहिनीनं, अशी वाटणी होती.

तिसऱ्या वर्षी यीस्टच मेलं. बिअर आंबायचं नाव घेईना. सगळी ओतून द्यायची ठरलं त्या सकाळी तिसरी टाकी आपली आपणच बुडबुडायला लागली. 'हवेतलं रानटी यीस्ट पडलं असावं,' वहिनीनं वहीत नोंदलं. वन्संनी एक घोट घेतला, डोळे मिटले आणि जन्मात पहिल्यांदा मिनिटभर गप्प बसल्या.

त्या बिअरनं कंपनी तरली. पुढे सात वर्षं तेच यीस्ट वहिनीनं पोटच्या पोरासारखं जपलं. संध्याकाळी गल्लीतली निम्मी माणसं त्यांच्या लांबलचक बाकांवर बसलेली असायची आणि हसण्याचा आवाज कोपऱ्यापर्यंत जायचा.

दहा वर्षं झाली तेव्हा वन्संनी फर्मान काढलं, "कंपनीचा इतिहास लिहायचा आणि भिंतीवर टांगायचा. तूच लिही, माझी वाक्यं संपत नाहीत." वहिनीनं शिस्तीत काम हाती घेतलं. टेबलांवर कोरी कार्डं ठेवली. वर लिहिलं, 'आमच्या बिअरची एक आठवण.' आठवड्यात त्रेचाळीस कार्डं भरून आली. रविवारी सकाळी चहाचा कप घेऊन ती वाचायला बसली.

पोस्टमननं लिहिलं होतं, 'तळ्यावरची ती दुपार. निळी होडी. पिवळ्या कपड्यांतली बाई एकेकाला हात देऊन आत घेत होती.' गोड होतं, पण यात बिअर कुठे आली? शिंपीणबाईंचं कार्ड होतं, 'होडीत घोटाभर पाणी होतं. पायांना गारगार लागत होतं. इतकी मी कधी हसले नाही.' रंगाऱ्यानं तर होडीचं चित्रच काढलं होतं.

चहा निवला. वहिनीनं कार्डांचे दोन गठ्ठे केले. एकात होडीची एक्केचाळीस, दुसऱ्यात बाकीची दोन. ती दोन सोडा पिणाऱ्यांची होती.

एक्केचाळिसावं कार्ड वाचता येईना इतक्या वाईट अक्षरात होतं. ते अक्षर वाचायची तिला लग्नापासून सवय होती. नवऱ्यानं लिहिलं होतं, 'पिवळ्या कपड्यांतली बाई. तिनं माझा हात धरला तेव्हा वाटलं, चला, जमलं एकदाचं.'

तिनं वन्संना गाठलं. त्या नळ्या धूत होत्या.

"वन्सं, हे तळं कुठलं?"

"अगं, आपलंच की! सगळे गेलो होतो तेव्हाचं."

"कधी गेलो होतो?"

"त्या दुपारी." वन्सं हसल्या. "तुलाही किती हाका मारल्या. तू काठावरच उभी. म्हणालीस, तुम्ही व्हा पुढे, मी टाकीचं तापमान बघून येते."

हे वाक्य आपलंच होतं, यात वहिनीला शंका नव्हती. दिवसातून चारदा ती ते म्हणायची. पण गावाच्या आसपास तळं नव्हतं.

ती घाबरली नाही. प्रयोग करायचं ठरवलं. परगावाहून तिचा थोरला भाऊ आला. जमिनी मोजणारा माणूस, इंचाचाही हिशेब सोडत नसे. तो या कारखान्यात कधी आलेला नव्हता. तिनं त्याला काही न सांगता तिसऱ्या टाकीचा अर्धा ग्लास दिला आणि घड्याळ बघत बसली. अकरा मिनिटं तो आईच्या गुडघ्यांबद्दल बोलत होता.

"औषध लागू पडतंय म्हणे," तो म्हणाला. मग ग्लास खाली ठेवून अगदी सहज म्हणाला, "काय गं, तू त्या दिवशी होडीत का नाही बसलीस?"

"कुठल्या दिवशी, दादा?"

"जागा होती की. मी सरकलोसुद्धा होतो."

दहा वर्षांच्या समारंभाच्या दिवशी ऊन छान पडलं होतं. मोठी दारं सताड उघडी होती, बाक गच्च भरले होते. नवरा, दादा, पोस्टमन, शिंपीणबाई, सगळे हजर.

"आज तिसरीची काढायची नाही," वहिनीनं बजावलं.

"आज मान त्या टाकीचाच तर आहे," वन्सं म्हणाल्या. ग्लास आधीच भरून झाले होते.

वहिनी खोक्यावर उभी राहिली. हातात इतिहासाचा कागद होता. समोरचे सगळे चेहरे तिच्याकडे मायेनं बघत होते. तिनं कागदाची घडी घातली.

"मला एकच सांगा," ती म्हणाली. "त्या दुपारी तुम्ही परत कसे आलात?"

हसू थांबलं.

पोस्टमननं शिंपीणबाईंकडे पाहिलं. त्यांनी दादाकडे.

"परत?" नवरा म्हणाला. शब्दाचा अर्थ विचारावा तसा.

मग कुणीतरी फिसकन हसलं आणि सगळेच हसले. ग्लासांना ग्लास भिडले. गप्पा पुन्हा सुरू झाल्या, जशा काही थांबल्याच नव्हत्या.

वहिनी खोक्यावरून उतरली आणि जवळच्या बाकाच्या टोकाला मटकन बसली.

त्याच क्षणी, गप्पा न थांबवता, कुणीही तिच्याकडे न बघता, त्या खोलीतली सगळीच्या सगळी माणसं दुसऱ्या बाजूला जराशी कलली. होडीचा तोल सावरावा तशी.